मोठ्यांनी घेतलेल्या कृतीत मूल काय शिकलं: निरीक्षण, नोंद आणि मूल्यमापन पायरी-पायरीने

‘र. ला पाचपर्यंत मोजता येतं.’ अशी नोंद वहीत असते. सहामाही संपते, र. दुसऱ्या ताईंच्या गटात जातो. तिथे त्याच्याकडे पाच मणी मागितले की तो मूठभर मणी उचलून देतो. पहिल्या ताई खोटं लिहीत नव्हत्या. कृतीच्या वेळी त्यांनी र.चं बोट धरून एकेका मण्यावर ठेवलं होतं, ‘एक… दोन…’ अशी सुरुवातही करून दिली होती. ते धरलेलं बोट मात्र नोंदीत आलं नाही.

बालवाडीत मोठ्यांनी आखून घेतलेल्या कृतीत जे घडतं, त्यातला निम्मा वाटा मोठ्यांचाच असतो. साहित्य तुम्ही निवडलेलं, प्रश्न तुमचा, अडलं की पुढे होणारा हात तुमचा. म्हणून अशा कृतीच्या नोंदीत मूल जितकं दिसायला हवं, तितक्याच तुम्हीही दिसायला हव्यात. तसं झालं नाही तर आपण मुलाच्या नावाखाली स्वतःच्या शिकवण्याची नोंद करत बसतो, आणि पुढे त्या नोंदीवर भलतेच निष्कर्ष उभे राहतात. खालची पद्धत हे टाळण्यासाठी आहे. मुलं साधारण तीन ते पाच वर्षांची, गट लहान आणि कृती दहा-पंधरा मिनिटांची आहे असं धरलं आहे.

## पायरी १: काय पाहायचं ते आधी ठरवा, आणि एकच ठरवा

‘आज मोजणी’ हा कृतीचा विषय झाला. नोंद करायला तो फार मोठा आहे. मोजणीच्या पोटात किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अंकांची नावं दर वेळी त्याच क्रमाने म्हणणं ही पहिली. एका वस्तूला एकच अंक लावणं, म्हणजे कुठली वस्तू सुटू न देणं आणि कुठली दोनदा न धरणं, ही दुसरी. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण संख्या हे उमगणं ही तिसरी. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली, त्यांतली ही तीन. कितीतरी मुलं दहापर्यंत घडाघडा म्हणतात, वस्तूंवर बोटही नीट ठेवतात, आणि ‘मग किती आहेत?’ असं विचारलं की पुन्हा एकपासून मोजायला लागतात. ‘मोजता येतं’ हे दोन शब्द लिहिले की हा सगळा फरक झाकला जातो.

म्हणून कृतीच्या आदल्या दिवशी एक वाक्य लिहा, ज्यात डोळ्यांना दिसेल असं क्रियापद असेल: ‘दहा-बारा मण्यांच्या ढिगातून चार मागितले तर चारवर थांबतं का?’ गोष्टीची कृती असेल तर ‘गोष्ट समजते का’ असं नको. ‘तीन चित्रं क्रमाने लावून मग काय झालं ते स्वतःच्या शब्दांत सांगतं का’ असं लिहा. समजणं, आवडणं, गोडी लागणं या सगळ्या खऱ्याच गोष्टी आहेत, पण त्या थेट दिसत नाहीत. त्या कशावरून ओळखायच्या, ते आधी ठरवावं लागतं.

त्या वाक्याखाली तीन ओळी आणखी. नुकती सुरुवात असलेलं मूल काय करेल (मूठभर देईल), वाटेत असलेलं काय करेल (मोजत देईल, पण थांबणार नाही किंवा एखादा अंक दोनदा म्हणेल), पुढे गेलेलं काय करेल (मोजून चार देईल, एक काढून घेतला तर ‘आता तीन’ म्हणेल). या ओळी कृतीआधी लिहिल्या तर कामाच्या. कृती झाल्यावर लिहिल्या की जे घडलं तेच अपेक्षित होतं असं आपल्याला वाटायला लागतं.

तपासा: तुमचं वाक्य दुसऱ्या ताईंना वाचायला द्या. त्यांनी तीच कृती घेतली तर नेमकं कुठे बघायचं हे त्यांना न विचारता कळतंय का?

## पायरी २: गट, जागा, साहित्य आणि कागद

गटात चार-पाच मुलं घ्या, पण त्या दिवशी नोंद दोघांचीच करायची असं ठरवूनच बसा. पाचही जणांवर डोळा ठेवायला गेलं की शेवटी सगळ्यात जास्त बोलणाऱ्या मुलाचीच नोंद होते, आणि गप्प बसणारं मूल महिनोन्‌महिने वहीत येतच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या मुलांची यादी करून प्रत्येक नोंदीची तारीख नावापुढे टाकत जा. पंधरा दिवसांनी ते पान उघडलं की कोण सुटलंय ते लगेच दिसतं.

वय वर्षं आणि महिन्यांत लिहा. एकाच गटात एक मूल तीन वर्षं एक महिन्याचं आणि दुसरं तीन वर्षं अकरा महिन्यांचं असतं. मधले दहा महिने म्हणजे धाकट्याच्या आजवरच्या आयुष्याच्या पाव भागाहून जास्त. दोघांनाही ‘वय ३’ लिहिलं की धाकटं मूल उगाचच मागे पडल्यासारखं दिसतं.

बसवताना, चटकन उत्तर देणारं मूल आणि ज्याची नोंद करायची ते मूल शेजारी-शेजारी नकोत. समोरासमोरही नकोत, कारण मुलं ओठ आणि हात फार बारकाईने बघतात.

आता साहित्य. सगळ्यात जास्त नोंदी इथे बिघडतात, कृती सुरू होण्याआधीच. चार मागायचे आहेत आणि वाटीत चारच मणी आहेत. मूल चारही देतं, कारण वाटी रिकामी झाली. नोंद होते ‘चार बरोबर मोजले’. मागणार असाल त्याच्या दुप्पट-तिप्पट वस्तू समोर हव्यात. तसंच, रंग ओळखतं का हे बघायचं असेल तर सगळे ठोकळे एकाच आकाराचे घ्या. लाल ठोकळाच सगळ्यात मोठा असेल तर मुलाने लाल उचलला की मोठा उचलला, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. बुडणं-तरंगणं दाखवायचं असेल तर जड वस्तू सगळ्या मोठ्या आणि हलक्या सगळ्या लहान, असं होऊ देऊ नका. एखादी मोठी पण तरंगणारी आणि एखादी चिमुकली पण बुडणारी वस्तू ठेवा. मुलाच्या मनात काय चाललंय ते त्या दोन वस्तूंवरच कळतं.

इशारा: वस्तू तोंडात घालणारं मूल गटात असेल, आणि तीन वर्षांखालचं असेल तर नक्कीच, मणी, बटणं, बिया अजिबात नकोत. मोठे ठोकळे घ्या. चार ठोकळ्यांची मोजणीही मोजणीच.

शेवटी कागद. पॅडला लावलेला एक कागद आडवा धरा आणि तीन रकाने आखा: ‘मी काय म्हटलं, काय केलं’, ‘मुलाने काय म्हटलं, काय केलं’, ‘मदत’. पहिला रकाना बहुतेकजणी आखतच नाहीत. वर तारीख, वेळ, मुलाचं वय, गटात आणखी कोण होतं आणि पायरी १ मधलं ते एक वाक्य.

## पायरी ३: मदतीच्या खुणा पाठ करा

कृती चालू असताना लांबलचक लिहिता येत नाही. म्हणून मदतीच्या रकान्यात एकेक खूण:

- स्व: सूचना एकदा दिली, पुढचं मुलाने आपलं आपण केलं.
- श: शब्दांची मदत दिली. सूचना पुन्हा सांगितली, ‘अजून एकदा बघ’ म्हटलं, सुरुवातीचा शब्द दिला.
- दा: करून दाखवलं, मग मुलाने केलं.
- हा: हात धरून करून घेतलं.
- ना: केलं नाही. नको म्हटलं, उठून गेलं किंवा नुसतं बघत राहिलं.

‘ना’चा अर्थ ‘येत नाही’ असा कधीच घ्यायचा नाही. भूक, झोप, शेजारच्याशी झालेलं भांडण, नवीन माणूस, कशानेही ‘ना’ येतो. त्या दिवशी त्या गोष्टीबद्दल आपल्याला काही कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या पाच खुणा मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. ‘येतं’ आणि ‘येत नाही’ एवढ्या दोनच घरांत मुलाला बसवलं तर सहा-सहा महिने काहीच बदललं नाही असं दिसतं. खुणा बघितल्या तर ‘हा’चा ‘दा’ झालेला दिसतो, ‘दा’चा ‘श’ झालेला दिसतो. मूल पुढे सरकतंय, भले एकदाही ‘स्व’ आलेला नसो. हळूहळू शिकणाऱ्या मुलाची सगळी मेहनत या मधल्या खुणांत असते, आणि बाकीच्या पद्धतींत नेमकी तीच गळते.

## पायरी ४: कृती घेताना मदतीचा क्रम कमीपासून जास्तीकडे

शिकवायची सवय अंगात इतकी मुरलेली असते की आपण आधी करून दाखवतो आणि मग मुलाला करायला सांगतो. शिकवायला ते ठीक. पण मुलाला आधीपासून काय येतं ते बघायचं असेल तर पहिल्याच मिनिटाला दाखवून टाकल्यावर पुढचं सगळं ‘दा’च्याच घरात जातं. म्हणून हा क्रम ठेवा:

१. साहित्य मध्ये ठेवा आणि एक-दोन मिनिटं नुसतं हाताळू द्या. या वेळात मुलं आपणहून जे करतात (रांग लावतात, रंग वेगळे काढतात, पुटपुटत मोजतात) ते लिहून घ्या. पुष्कळदा सगळ्यात बोलकी नोंद इथेच मिळते.

२. सूचना एकदाच आणि छोटी द्या. ‘मला चार बटणं दे.’ एका वाक्यात दोन कामं नकोत. ‘लाल बटणं शोध आणि त्यातली चार दे’ हे जमलं नाही तर अडलं कुठे, तेच कळत नाही.

३. थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एका सेकंदात पुढे बोलायला लागतात, आणि हे थांबणं तीन सेकंदांवर किंवा पुढे नेलं की मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. ते वर्ग मोठ्या मुलांचे होते. आपल्या मुलांना याहून जास्त वेळ लागतो. मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. हे पाच आकडे फार मोठे वाटतात, पण जीभ आवरा.

४. मगच शब्दांची मदत, मग करून दाखवणं, आणि अगदी शेवटी हात धरणं. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा थांबा. कुठल्या मदतीवर मूल पुढे गेलं, ती खूण रकान्यात लिहा.

इशारा: तुमचा चेहरा आणि हात उत्तर सांगत असतात. एकदा मी माझ्याच कृतीचं मोबाइलवरचं चित्रण पाहिलं. तीन वर्षं दहा महिन्यांची मुलगी माझ्या पसरलेल्या तळहातावर एकेक बटण ठेवत होती. एक, दोन, तीन. प्रत्येक बटणानंतर ती माझ्याकडे बघत होती. चौथं बटण ठेवलं आणि माझी बोटं आपोआप मिटली. ती थांबली. मी वहीत लिहिलं होतं: ‘चार बटणं बरोबर दिली, स्व.’ दुसऱ्या दिवशी मी हात मांडीवर ठेवला, बटणं ताटलीत ठेवायला सांगितली आणि ताटलीकडेच बघत राहिले. तिने सात ठेवली. आदल्या दिवशी चार मी मोजले होते, तिने नव्हे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा टापा आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये तपासलं तेव्हा दिसलं की बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं अंग नकळत सैल होई, आणि घोडा ते हेरून थांबे. विचारणाऱ्यांना आपण काही सुचवतोय याची कल्पनाही नव्हती. मुलं तर माणसांचे चेहरे वाचण्यात घोड्याहून कितीतरी तरबेज. तेव्हा वस्तू ताटलीत ठेवायला सांगा, नजर ताटलीवर ठेवा आणि ‘शाब्बास’ मुलाने ‘झालं’ म्हटल्यावरच म्हणा. काम चालू असताना दिलेली शाबासकी म्हणजे ‘आता थांब’ असा निरोप असतो.

प्रश्नांतही अशीच गफलत होते. ‘हा बुडेल ना?’ यात उत्तर दिलेलंच आहे. ‘बुडेल की तरंगेल?’ असं विचारलं तर लहान मुलं बऱ्याचदा शेवटचा शब्द उचलतात. पुढच्या वस्तूला पर्यायांचा क्रम उलटा करा. तरीही मूल शेवटचाच शब्द म्हणत असेल तर ते तुमचा आवाज परत देतंय. त्यापेक्षा ‘काय होईल?’ आणि मग ‘तुला असं का वाटतं?’ हे बरं.

लिहायचं कसं? मुलाचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असले तरी. ‘पाण्याला हा आवडत नाही म्हणून वर ढकलतं’ हे वाक्य तुम्ही ‘तरंगण्याचं कारण सांगितलं’ असं करून टाकलं तर मुलाचा सगळा विचार हरवला. चालू कृतीत फक्त मुलाचे शब्द, आकडे आणि खुणा. वाक्यं नंतर. मुलाने विचारलंच, ‘ताई, काय लिहितेस?’, तर खरं सांगा: ‘तू काय केलंस ते लिहितेय, मला विसरायला नको.’ लपवून लिहिलं की मुलं कृती सोडून कागदाकडेच बघतात.

आणि लिहिण्यापायी कृती थांबवू नका. मूल डोळ्यांत डोळे घालून काही सांगत असेल तर पेन खाली ठेवा. एक खूण राहिली तरी चालेल.

## पायरी ५: त्याच दिवशी नोंद पुरी करा

खुणांवरून पूर्ण नोंद करायला दहा मिनिटं पुरतात, पण ती त्याच दिवशीची हवीत. शक्यतो मुलं घरी गेल्या-गेल्या. रात्र उलटली की आपण काय सुचवलं होतं ते सगळ्यात आधी विसरतं, आणि नोंद मुलाच्या बाजूने किंवा मुलाविरुद्ध झुकते.

नोंदीचे दोन भाग करा. वर फक्त घडलेलं. खाली वेगळ्या ओळीत ‘मला वाटतं’ असं लिहून तुमचा अंदाज. अंदाज हवाच, पण घडलेल्यात मिसळला की तो अंदाज होता हे महिन्याने तुम्हालाही कळत नाही.

वरच्या भागातून काढून टाकायचे शब्द: छान, हुशार, चंचल, आळशी, लाजाळू, लक्ष नव्हतं, मजेत होता. यातला एकही शब्द मुलाने काय केलं ते सांगत नाही. असा शब्द हाताखाली आला की स्वतःला विचारा, ‘मी काय पाहिलं म्हणून मला असं वाटलं?’, आणि त्याचं उत्तर लिहा.

हे मी चुकून शिकले. एका मुलाच्या तीन नोंदी अशा होत्या: ‘कात्रीकामात रस नाही’, ‘कात्री लगेच सोडतो’, ‘कापताना लक्ष नसतं’. तिन्ही माझ्याच हाताच्या. चौथ्या वेळी मी शेरा न लिहिता फक्त पाहिलेलं लिहायचं ठरवलं. कागदावर उतरलं ते असं: ‘कात्री डाव्या हाताने उचलली. मी उजव्या हातात दिली. दोनदा उघडली, कागद सुटला. कात्री पुन्हा डाव्या हातात घेतली. कागद पात्यांत दुमडला, कापला गेला नाही. मान वाकडी करून पात्याच्या पलीकडे पाहिलं. कात्री खाली ठेवली.’ वाचताना कळलं. मूल डावखुरं होतं आणि कात्री उजव्या हाताची. अशी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं कापायची रेघ झाकतं आणि पाती एकमेकांवर दाबली न जाता फाकतात. डाव्या हाताची कात्री दिल्यावर त्याने पहिल्याच बैठकीत पट्ट्या कापल्या. तीन आठवडे मी त्याला रस नाही असं लिहीत होते आणि तो माझ्यासमोर बसून झटत होता. ‘रस नाही’ हा शब्द लिहून टाकल्यामुळे मला हात दिसलाच नव्हता.

तपासा: नोंदीतला वरचा भाग वाचून कृती न पाहिलेल्या माणसाला तो प्रसंग डोळ्यांसमोर आणता येतो का? मदतीची खूण प्रत्येक प्रयत्नापुढे आहे का?

फोटो काढला असेल तर त्याला त्याच दिवशी ओळ जोडा. क्रमाने लावलेल्या चित्रांचा फोटो दिसायला सुरेख असतो, पण ती चित्रं मुलाने लावली की तुमचं बोट बघून लावली, हे फोटो सांगत नाही. मुलांच्या हातकामालाही मागच्या बाजूला तारीख आणि खूण हवी.

## पायरी ६: पुन्हा बघा, साहित्य बदलून बघा, आणि तुम्ही बाजूला असताना बघा

एक नोंद म्हणजे एक दिवस. तिच्यावरून मुलाबद्दल काहीच ठरवू नका.

माझा स्वतःचा नियम तीन प्रसंगांचा आहे. तीच गोष्ट वेगळ्या दिवशी. तीच गोष्ट वेगळ्या साहित्यावर, बटणांऐवजी ठोकळे किंवा टाळ्या. आणि तिसरा प्रसंग मुक्त खेळातला, जिथे कोणी काही विचारलेलं नाही. भातुकलीत मूल चार बाहुल्यांसाठी चार कप मांडतं, एक कमी पडला म्हणून उठून आणतं, ही नोंद आखून घेतलेल्या दहा कृतींपेक्षा वजनदार आहे. तुमच्या कृतीत मिळालेलं ‘स्व’ खरं होतं की नाही, याचा निवाडा इथे होतो.

उलटही घडतं. कृतीत ‘ना’ देणारं मूल मुक्त खेळात तेच सहज करताना दिसतं. मग अडचण गटात बोलण्याची असते, त्या कौशल्याची नसते. नोंदीत हे दोन वेगळे ठेवा.

## पायरी ७: मूल्यमापन

महिन्यातून एकदा एका मुलाच्या सगळ्या नोंदी तारखेच्या क्रमाने समोर ठेवा. शेरा लिहिण्याआधी सगळ्या वाचून काढा. मग पुढच्या चाळण्या लावा.

आधी गुंतणं बघा. मूल कृतीत रमलेलंच नसेल तर त्या नोंदीवरून कौशल्य मोजता येत नाही. बेल्जियममधले शिक्षणतज्ज्ञ फेरे लाव्हर्स यांनी मुलाच्या गुंतण्याच्या पाच पातळ्या मांडल्या आहेत: एकाग्रता, चिकाटी, चेहरा आणि बसण्याची ठेवण, हालचालीतला नेमकेपणा अशा खुणांवरून त्या ठरवतात. एवढं बारीक नाही केलंत तरी प्रत्येक नोंदीपुढे ‘रमलं’, ‘अधूनमधून’, ‘नाही’ यातलं एक लिहा. ‘नाही’ असलेल्या नोंदी बाजूला काढा. अशा नोंदी जास्त निघाल्या तर कृती बदलायला हवी.

भाषा आणि समज वेगळी करा. घरी वेगळी भाषा बोलणारं मूल ‘चार’ हा शब्द ओळखत नसेल. बोटं दाखवून ‘एवढे दे’ म्हणा, किंवा चार वस्तू मांडून ‘तूही अशाच मांड’ असं खुणेने सांगा. जमलं तर संख्येची समज आहे, शब्द यायचाय. मूल घरच्या भाषेत मोजत असेल तर ते मोजणंच आहे, तसंच लिहा.

पातळी तीनच ठेवा: ‘सुरुवात’, ‘मदतीने’, ‘स्वतःहून’. ‘स्वतःहून’ लिहायला किमान दोन वेगळ्या दिवशीचे ‘स्व’ आणि मुक्त खेळातला एक प्रसंग हवा. ‘मदतीने’ लिहिताना कुठल्या मदतीने, ती खूण सोबत. गुण, टक्के, तारे देऊ नका. दहापैकी सहा म्हटल्यावर उरलेल्या चारांत काय अडलंय ते कोणालाच कळत नाही.

तुलना त्याच मुलाच्या जुन्या नोंदीशी. शेजारच्या मुलाशी केलेली तुलना बहुतेक वेळा वयाची, नाही तर बोलकेपणाची असते. छान बोलणाऱ्या मुलाला सगळंच येतं असं वाटण्याकडे आपला कल असतो आणि धडपड्या मुलाला काहीच येत नाही असं. यावर एक साधा उपाय आहे. दोन-तीन नोंदींवरची नावं झाकून दुसऱ्या ताईंना द्या आणि पातळी ठरवायला सांगा. तुमच्या दोघींच्या पातळ्या जुळल्या नाहीत तर वाद घालू नका, नोंद परत वाचा. बहुधा काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं, आणि ते मदतीच्या रकान्यात राहिलेलं असतं.

इशारा: नोंदींवरून कसलंही निदान करू नका. मूल आवाजाकडे वळत नाही, आधी बोलायचे ते शब्द बोलेनासं झालंय, एक हात वापरतच नाही, असं वारंवार दिसलं तर तारखांसह घडलेलं लिहा आणि पालकांशी लवकर बोला, म्हणजे त्यांना योग्य तज्ज्ञांकडे जाता येईल. त्या वेळी तुमच्या अंदाजापेक्षा तुमच्या तारखा त्यांच्या उपयोगी पडतात.

## पायरी ८: पुढची कृती नोंदीतून काढा

नोंदीच्या तळाशी ‘आता पुढे’ अशी एक ओळ असू द्या. मूल तीनपर्यंत आपणहून देतं, चारला मूठभर देतं, तर पुढच्या वेळी चारच मागा, तीच बटणं घ्या आणि ताटलीत चार खण करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. संख्या आणि साहित्य दोन्ही बदललं तर जमलं कशामुळे, अडलं कशामुळे, दोन्ही कळत नाही.

‘सराव हवा’ असं लिहू नका. कसला, किती वस्तूंवर, कोणत्या मदतीने, ते लिहा.

आणि या पायरीला कृतीचंही मूल्यमापन करा. वेगवेगळ्या गटांत मिळून पाचांपैकी चार मुलांना ‘हा’ किंवा ‘ना’ आलं असेल तर ती कृतीच त्यांच्यासाठी अवघड होती, किंवा सूचना कळण्यासारखी नव्हती. सगळ्यांना पहिल्या झटक्यात ‘स्व’ आलं असेल तर मुलं खूश झाली असतील, पण तुम्हाला नवीन काही कळलं नाही. निम्म्या मुलांना थोडी मदत लागली, अशी कृती सगळ्यात जास्त सांगून जाते.

## पायरी ९: पालकांशी बोलणं आणि नोंदी जपणं

पालकांसमोर पातळी आधी सांगू नका. एक प्रसंग वाचून दाखवा: काय मागितलं, मुलाने काय केलं, काय म्हणालं. मग विचारा, ‘घरी असं कधी दिसतं का?’ तुम्हाला न दिसलेला तिसरा प्रसंग बऱ्याचदा त्यांच्याकडून मिळतो. तोही तारीख घालून, ‘पालकांनी सांगितलं’ असं लिहून नोंदीत ठेवा.

फोटो, आवाज, चित्रण यासाठी पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. फोटोत दुसरं मूल आलं असेल तर तो पहिल्या मुलाच्या पालकांना पाठवू नका. स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे फोटो साठवू नका. संस्थेच्या ठरलेल्या जागी ठेवून मोबाइलमधून काढून टाका. नोंदवही टेबलावर उघडी राहू नये. मुलाबद्दलची नोंद दुसऱ्या पालकाने वाचणं त्या मुलावर अन्याय आहे.

मूल पुढच्या गटात जाताना नव्या ताईंना वर्षभराचा शेरा देऊ नका. शेवटच्या दोन महिन्यांतल्या चार-पाच नोंदी द्या, मदतीच्या खुणांसकट, आणि शेजारी बसून एक नोंद मोठ्याने वाचा. ‘र.ने चार बटणं दिली, मी दोनदा आठवण करून दिली, श’ असं ऐकल्यावर नव्या ताई पहिल्याच दिवशी र. कडे चार बटणं मागतील, आणि एकदा आठवण करून देऊन बघतील.